कोकरांची वाढ : वाण, निगा आणि वजनकाटा
(मेंढपाळ मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मघाशी मांडवात येताना एका वयोवृद्ध बाबांनी मला थांबवले आणि विचारले, "साहेब, आमच्या वडिलांच्या वेळची मेंढरं अंगापिंडानं भरलेली असायची. आता वर्षागणिक बारीक होत चाललीत. असं का?" मी त्यांना म्हणालो, "बाबा, आजचे माझे सगळे बोलणे तुमच्या या एका प्रश्नावरच आहे."

चराऊ राने कमी झाली, गायराने आकसली, पाऊसमान बेभरवशाचे झाले, ही कारणे तर आहेतच. ती एकट्या मेंढपाळाच्या हातची नाहीत. पण एक कारण असे आहे, की जे आपण आपल्याच हाताने, दरवर्षी, बाजाराच्या दिवशी घडवून आणतो. वाड्यावर व्यापारी येतो. कळपावरून नजर फिरवतो आणि तीन-चार महिन्यांची, सर्वांत भरलेली, उंचेली नर कोकरे बाजूला काढतो. पैशाची नड असते, दरही बरा मिळतो, आपण ती देऊन टाकतो. मागे राहतात ती हळू वाढलेली, कृश कोकरे. पुढच्या हंगामाला त्यांतलेच एखादे मेंढा म्हणून कळपात फिरते. बियाणे ठेवताना शेतकरी टपोरे कणीस निवडतो आणि पोचट कणीस दळायला देतो. आपण मात्र टपोरे कणीस विकून पोचट पेरतो. असे दहा-वीस वर्षे चालले, तर कळप बारीक होणार नाही तर काय होईल?

म्हणून कोकराच्या वाढीत रक्ताचा वाटा किती, निगेचा किती आणि चांगला नर ओळखायचा कसा, याचा आज विचार करू.

वजनात वाणाचा वाटा किती?

एकाच कळपातील, एकाच वयाच्या वीस कोकरांची वजने केली, तर ती सारखी भरत नाहीत. या फरकाचे दोन भाग पडतात. एक भाग आई-बापांकडून रक्तातून आलेला असतो. तो पुढच्या पिढीत उतरतो. दुसरा भाग दूध, चारा, हवामान, रोगराई यांमुळे पडलेला असतो. तो त्या कोकराबरोबरच संपतो. फरकाचा जो भाग पुढे उतरतो, त्याला आनुवंशिकतेचे प्रमाण म्हणतात. मेंढ्यांच्या वाढीच्या वजनांसाठी हे प्रमाण साधारणतः १० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान असते. दूध तुटेपर्यंतच्या वजनात ते कमी असते, कारण तेथे आईच्या दुधाचा प्रभाव मोठा असतो. त्यानंतरच्या वजनात ते थोडे वाढते.

दहा-तीस टक्के म्हणजे थोडेच, असे आपणास वाटेल. पण हिशेब करून पाहू. समजा, एक नर कोकरू आपल्या बरोबरीच्या कोकरांच्या सरासरीपेक्षा ४ किलो जड आहे आणि दुसरे ४ किलो हलके आहे. दोघांत अंतर ८ किलोचे. आनुवंशिकतेचे प्रमाण २५ टक्के धरले, तर त्यांतील २ किलो रक्तातील. बाप निम्मे रक्त देतो, म्हणून प्रत्येक पिलामागे १ किलोचा फरक पडणार. एका मेंढ्याकडे ३० मेंढ्या आणि त्यांपासून जगलेली २५ कोकरे धरली, तर एका विणीत २५ किलो जिवंत वजनाचा फरक झाला. म्हणजे एक तयार कोकरू आपण दरवर्षी फुकट घालवतो. शिवाय त्या मेंढ्याच्या मुली कळपात राहतात, त्यांच्या पोटी पुन्हा तोच वारसा येतो. तोटा साचत जातो. त्याचप्रमाणे चांगला मेंढा ठेवला, तर फायदाही साचत जातो आणि त्यासाठी खुराकाचा एक दाणाही जादा लागत नाही.

एक मेंढी वर्षाला एक-दोन कोकरे देते. मेंढा मात्र एका हंगामात पंचवीस-तीस कोकरांचा बाप होतो. म्हणून कळप सुधारण्याचा जवळचा रस्ता मेंढ्याच्या निवडीतून जातो.

डोळ्यांनी दिसते ते सगळे रक्ताचे नसते

येथे एक धोका आहे. कळपातले दिसायला मोठे कोकरू हे रक्ताने मोठे असेलच असे नाही. त्याला इतर सवलती मिळालेल्या असू शकतात. त्या सवलती कोणत्या, हे पाहू.

वय : वाड्यात दीड-दोन महिने वीण चालते. आधी जन्मलेले कोकरू नंतरच्यापेक्षा मोठे दिसणारच. वीस दिवसांच्या अंतराने सहज दोन-अडीच किलोंचा फरक पडतो.

नर की मादी : नर कोकरू जन्मतःच मादीपेक्षा थोडे जड असते आणि वय वाढेल तसे हे अंतर वाढत जाते. त्यामुळे नराची तुलना नराशीच करावी.

एकटे की जुळे : जुळ्यांना पोटातही वाटणी आणि सडालाही वाटणी. ती जन्मतः हलकी असतात व दूध तुटेपर्यंत मागे राहतात.

आईचे वय : पहिलारू मेंढी स्वतःच वाढीत असते, तिला दूध कमी असते. तिसऱ्या-चौथ्या वेताच्या मेंढीचे कोकरू बहुधा सरस भरते. फार म्हाताऱ्या, दात पडलेल्या मेंढीचे पुन्हा उतरते.

हंगाम : पावसाळ्यानंतर हिरवा चारा असताना वाढलेले कोकरू आणि उन्हाळ्यात वणवण करीत वाढलेले कोकरू यांची तुलना करू नये.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, वाड्यात दोन नर कोकरे आहेत. पहिले आज १८.६ किलोचे, दुसरे १५ किलोचे. व्यापारी आणि आपण दोघेही पहिल्याकडेच बोट दाखवू. पण वहीत पाहिले तर असे दिसते : पहिले ११० दिवसांचे आहे, जन्मवजन ३.२ किलो, चौथ्या वेताच्या मेंढीचे एकटे. दुसरे ८४ दिवसांचे आहे, जन्मवजन २.४ किलो, पहिलारूच्या जुळ्यातले.

हिशेबाची रीत सोपी आहे. आजच्या वजनातून जन्मवजन वजा करा, येईल त्याला वयाच्या दिवसांनी भागा. ही रोजची वाढ झाली. तिला ९० ने गुणा आणि जन्मवजन मिळवा. हे झाले ९० दिवसांचे वजन. पहिल्याची वाढ १५.४ किलो भागिले ११०, म्हणजे रोज १४० ग्रॅम. त्याचे ९० दिवसांचे वजन १५.८ किलो. दुसऱ्याची वाढ १२.६ किलो भागिले ८४, म्हणजे रोज १५० ग्रॅम. त्याचे ९० दिवसांचे वजन १५.९ किलो. वाटणीचे दूध पिऊन, कोवळ्या आईच्या अंगावर वाढूनही दुसरे कोकरू पहिल्याच्या बरोबरीला आले. पैदाशीला ठेवण्याजोगे कोकरू हे दुसरे आहे. वजनकाटा आणि वही नसती, तर ते आपण सहज खाटकाला दिले असते.

जातीविषयी थोडेसे

आपल्या पठारावरची मेंढी म्हणजे दख्खनी. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे तिचे प्रकार आपण ओळखतो. कमी चाऱ्यावर टिकणे, मैलोन् मैल चालणे, ऊन-थंडी सोसणे, हे तिचे गुण आहेत. त्यामुळे 'दख्खनी लहान, म्हणून टाकाऊ' असे समजू नये. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीच्या निवड पद्धतीने सुधारणेचे काम झाले आहे. त्याचा पाया जन्मापासूनची वजने आणि वंशावळीच्या नोंदी हाच आहे.

सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी उंच, लांब पायांची, बाकदार नाकाची. वजनाला ती दख्खनीपेक्षा सरस. परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नाकाच्या बाकावर मेंढ्याचे मोठमोठे मोल होते. पण नाक आणि रोजची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंढा घेताना त्याच्या वजनाची आणि त्याच्या आईच्या दुधाची चौकशी करावी. दुसरे असे, की मोठ्या अंगाच्या जनावराला पोटही मोठे असते. चारा तेवढाच राहिला, तर मोठ्या जातीचे कोकरू आपली वाढ दाखवू शकत नाही. आधी चाऱ्याची सोय, मग मोठ्या जातीचे रक्त, असा क्रम ठेवावा.

तिसरी गोष्ट जुळ्यांची. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. पश्चिम बंगालच्या सुंदरबनातील गरोल ही मेंढी अंगाने अगदी लहान, पण जुळी-तिळी देणारी. तिच्यात जास्त पिले देणारे एक जनुक आहे. ते नेमके कोणते, हे २००१ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हे जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. मेंढी किंवा मेंढा या जनुकाचा आहे की नाही, हे आता रक्ताच्या तपासणीवरून कळू शकते.

वजनाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? समजा, एकटे कोकरू तीन महिन्यांत १५ किलो भरते आणि जुळ्यातले १२ किलो. कोकरू हलके झाले खरे, पण मेंढीमागे १५ ऐवजी २४ किलो उतरले. म्हणून एका कोकराचे वजन न पाहता, 'एका मेंढीमागे वर्षाला किती किलो कोकरू उभे राहिले' हा हिशेब पाहावा. मात्र जुळ्यांच्या आईला खुराक हवाच. तो नसेल तर दोन्ही कोकरे जातील आणि मेंढीही खंगेल. ज्यांना वाड्यावर खुराक देणे शक्य नाही, त्यांनी जुळ्यांच्या मागे लागू नये, असे मी स्पष्टच सांगतो.

निगेने मिळणारे वजन

वाण चांगले असले तरी त्याला वाढायला संधी द्यावी लागते.

मेंढीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. त्यांतील शेवटच्या सहा आठवड्यांत गर्भाची सुमारे ७० टक्के वाढ होते. या काळात मेंढीला चरण्याशिवाय रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक द्यावा. त्याने कोकरू जन्मतः भरलेले होते आणि कासेला दूधही उतरते. जन्मतः दोन किलोंच्या आतले कोकरू थंडीत आणि पावसात फार लवकर दगावते.

वाड्यावर कोकरांची निगा बहुतेक ठिकाणी आमच्या भगिनीच राखतात, म्हणून हे त्यांना विशेष सांगतो. जन्मल्यावर पहिल्या तासाभरात कोकराला चीक मिळाला पाहिजे. पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे ३ किलोच्या कोकराला ३०० मिलिलिटर चीक थोडा थोडा करून पाजावा. रोगाशी झगडण्याची शक्ती त्याला चिकातूनच मिळते. 'चीक बाधतो' हा समज सोडून द्यावा. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे.

पहिले सहा ते आठ आठवडे कोकराची वाढ म्हणजे आईचे दूध. चहापुरते म्हणून काढलेले दूध कोकराच्या अंगावरून वजा होते, हे लक्षात ठेवावे. दोन-तीन आठवड्यांपासून कोकराला कोवळा पाला, सुके गवत आणि थोडा भरडा चाटायला ठेवावा. मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड, गव्हाचा कोंडा व क्षारमिश्रण असे मिश्रण चालते. वाघरीच्या एका कोपऱ्यात अशी जागा करावी, की कोकरे आत जातील पण मोठ्या मेंढ्या शिरणार नाहीत. दूध तुटल्यावर कोकराला जो धक्का बसतो, तो याने पुष्कळ कमी होतो.

स्थलांतराच्या काळात लहान कोकरे घोड्यावर बसवून नेण्याची आपली जुनी रीत अगदी योग्य आहे. चालण्यात जाणारी ताकद वाचते, ती अंगी लागते.

जंत हा वजनाचा छुपा चोर आहे. रक्त पिणारे जंत पावसाळ्यात बळावतात. कोकराची पापणी उलटून पाहावी. ती लाल-गुलाबीऐवजी पांढरट दिसली, जबड्याखाली सूज दिसली, तर पशुवैद्यकांना दाखवावे. जंतनाशक वजनाप्रमाणे द्यावे. अंदाजाने कमी मात्रा दिली, तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला निर्ढावतात. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी. हा रोग नेमकी चांगली खाणारी, धष्टपुष्ट कोकरे एका रात्रीत नेतो. पी.पी.आर. आणि देवीच्या लसीही पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वेळेवर द्याव्यात.

जिवंत वजन आणि मटणाचा उतारा

आता बाजाराकडे वळू. आपण विकतो जिवंत कोकरू, खाटीक विकतो मटण. कातडे, मुंडी, पाय, कोठा-आतडी काढल्यावर उरलेल्या धडाचे वजन जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के भरते. यालाच आपण उतारा म्हणतो. २० किलोचे कोकरू ४६ टक्के उताऱ्याने ९.२ किलो मटण देते.

हा उतारा कशाने बदलतो? सर्वांत मोठे कारण पोटातील चारा-पाणी. तेच कोकरू पोटभर चरून, पाणी पिऊन आले आणि २१ किलो भरले, तरी मटण ९.२ किलोच निघणार. उतारा ४४ टक्क्यांच्याही खाली गेलेला दिसणार. व्यापारी हे पुरते ओळखून असतो, म्हणून तो पोट दाबून पाहतो आणि मनात वजावट धरतो. दाट, भिजलेली लोकरही वजन फुगवते. उलट पाठीवर आणि कमरेवर मांस भरलेल्या कोकराचा उतारा चढतो. कमरेच्या मणक्यावर अंगठा ठेवून पाहावे. हाड टोचले तर कोकरू अजून तयार नाही. हाड गोलसर, मांसाने झाकलेले लागले तर तयार आहे.

वयाचाही विचार करावा. तीन महिन्यांच्या कोकराची वाढ अजून जोरात चालू असते. चाऱ्याची सोय असेल, तर पाच-सहा महिन्यांपर्यंत कोकरू राखून थोडा खुराक द्यावा. धडाचे वजन चांगले वाढते. त्यापुढे मात्र खाल्लेल्याचे मांस कमी आणि चरबी जास्त होऊ लागते. चारा नसेल, तर राखून ठेवण्यात अर्थ नाही. उपाशी कोकरू वाढत तर नाहीच, अंगावरचेही घालवते.

माझे सांगणे एवढेच, की लोणंदच्या बाजारात जा, आटपाडीच्या जा की वाड्यावरच विका. विकण्यापूर्वी सकाळी, चरायला सोडण्याआधी कोकरू स्वतः काट्यावर टांगा. आपल्या हातात आकडा असला, की नजरेचा सौदा एकतर्फी होत नाही.

काय करावे?

१. एक टांगता स्प्रिंगचा काटा आणि एक पोत्याची झोळी घ्यावी. दोन-तीन वाड्यांत मिळून एक काटा पुरतो.

२. कोकराच्या कानात बिल्ला मारावा. वहीत जन्मतारीख, जन्मवजन, नर की मादी, एकटे की जुळे, आईचा नंबर आणि तिचे वेत लिहावे. घरातली शाळेत जाणारी मुले हे काम हौसेने करतात.

३. तीन महिन्यांच्या सुमारास सर्व कोकरांचे एकाच दिवशी वजन करावे आणि मघाशी सांगितल्याप्रमाणे ९० दिवसांचे वजन काढावे. नर नरांशी, जुळे जुळ्यांशी अशी तुलना करावी.

४. व्यापारी येण्याआधी सर्वांत सरस दोन-तीन नर निवडून त्यांच्या शिंगाला किंवा पाठीला खूण करावी. ते कोणत्याही भावाला द्यायचे नाहीत, असे घरात ठरवून टाकावे. पाय सरळ, दोन्ही अंडकोष सारखे आणि जबडा जुळणारा असावा.

५. एकच मेंढा दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवू नये. नाहीतर तो आपल्याच मुलींवर जातो. सगोत्र पैदाशीने कोकरे खुरटी होतात आणि मरही वाढते. चांगला मेंढा दुसऱ्या गावच्या वाड्याशी अदलाबदल करावा.

६. बाहेरून मेंढा घ्यायचा असल्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रांवर चौकशी करावी. रांजणी (जि. सांगली), महूद (जि. सोलापूर), दहिवडी (जि. सातारा) येथे अशी प्रक्षेत्रे आहेत.

मला आपली अडचण ठाऊक आहे. दवाखाना, लग्नकार्य, मुलांची शाळा, परमुलखातला चाऱ्याचा खर्च, या सगळ्याला पैसा कोकरांतूनच उभा राहतो. सर्वांत चांगले कोकरू सर्वांत जास्त पैसे देते, म्हणून तेच आधी जाते. त्यात आपला दोष नाही, ती नड आहे. म्हणून मी सगळी कोकरे राखा असे सांगत नाही. तीस मेंढ्यांमागे एक नर, आणि तो दगावला तर हाताशी असावा म्हणून आणखी एक, एवढेच राखा. बाकीची खुशाल विका. एका नराचे आज सोडलेले पैसे पुढच्याच विणीपासून परत येऊ लागतील.

मघाच्या बाबांना माझे उत्तर असे आहे. बाबा, तुमच्या वडिलांनी मोठा मेंढा कळपात राखला होता, म्हणून मेंढरे मोठी होती. त्यांना काटा लागला नाही, कारण डोळे तयार होते आणि चारा मुबलक होता. आज चारा आटला आहे, तेव्हा डोळ्यांच्या जोडीला काटा आणि वही घ्यावी लागेल. या विणीपासून सुरुवात करा. पुढच्या वर्षी या मांडवात याल, तेव्हा वही बरोबर आणा. आपण तिच्यावरच बोलू.